रक्ताची साक्ष आणि नेत्राचा रोग

प्रयोगशाळेतून आलेल्या छापील कागदाला आजच्या समाजात जी प्रतिष्ठा आहे, ती एके काळी अदालतीचे शिक्कामोर्तब झालेल्या हुकूमनाम्यालाच काय ती असे. एखाद्या तरुणाची दृष्टी चार दिवसांत धूसर होते, नेत्रवैद्य औषधाने बाहुली विस्फारून आत पाहतो, दृष्टिपटलावर पांढरट दाहाचा एक डाग त्याला आढळतो, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेकडे रवाना होतो, आणि ‘टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह’ एवढी एक ओळ हाती पडताच रोगी, त्याचे आप्त आणि कित्येकदा खुद्द वैद्यही गुन्हेगार सापडला असे मानून तपासाचे दप्तर बांधून ठेवतात. याच्या उलट टोकाला उभा असलेला, थोडे अधिक वाचलेला एक वर्ग असे म्हणतो की टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीविरुद्धची ही प्रतिपिंडे निम्म्या जगाच्या रक्तात सापडतात, सबब डोळ्याच्या रोगात रक्त तपासणे हा निव्वळ द्रव्याचा अपव्यय होय. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांच्या मुळाशी एकच उथळ कल्पना आहे: दोघेही साक्षीदाराकडून निकालाची अपेक्षा करतात; पहिल्याला तो निकाल मिळाला असे वाटते म्हणून तो संतुष्ट असतो, आणि दुसऱ्याला मिळत नाही म्हणून तो साक्षीदारालाच हाकलून देतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की परजीवींमुळे होणाऱ्या नेत्ररोगांत रक्ताची तपासणी डोळ्यातील विकृतीविषयी प्रत्यक्ष काहीच सांगत नाही, ती शरीराच्या पूर्ववृत्ताविषयी सांगते. त्यामुळे तिच्या होकाराचे आणि नकाराचे वजन सारखे नसते. आणि ते वजन किती, याचा निर्णय यंत्रावर होत नसून रक्त काढण्यापूर्वी डोळा पाहणाऱ्याच्या मनात कोणती शंका किती प्रबळ होती, रोगी कोणत्या मुलखातला आहे आणि संशयित परजीवी कोणता आहे, या तीन गोष्टींवर होत असतो.

१. साक्षीदार नेमके काय पाहतो

कोणताही परजीवी शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, आणि रक्तरसात ती आहेत की नाहीत हे शोधणे एवढेच या तपासण्यांचे कार्य असते. टॉक्सोप्लाझ्माच्या बाबतीत या विद्येचा पाया १९४८ साली अल्बर्ट सेबिन आणि हॅरी फेल्डमन यांनी घातला. मेथिलिन ब्लू नावाच्या रंगात जिवंत परजीवी निळे होतात, परंतु प्रतिपिंडांचा मारा झालेले परजीवी तो रंग घेत नाहीत, हे त्यांनी दाखविले. आणि पुढे तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या लशीमुळे ज्या सेबिन यांचे नाव जगभर झाले, त्यांची ही कसोटी अनेक वर्षे प्रमाण मानली गेली. जिवंत परजीवी बाळगण्याची जोखीम प्रत्येक प्रयोगशाळेला परवडण्यासारखी नसल्यामुळे पुढे एलिसा आणि तत्सम पद्धतींनी तिची जागा घेतली. पद्धती बदलल्या, प्रश्न मात्र तोच राहिला. ‘या देहाची या परजीवीशी कधी गाठ पडली होती काय?’ हा तो प्रश्न.

यातील ‘कधी’ हा शब्द विसरला जातो, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. आयजीजी जातीची प्रतिपिंडे एकदा निर्माण झाली की बहुधा आयुष्यभर रक्तात वास करतात. बालपणी अंगणातील मातीतून वा दूषित पाण्यातून आलेला संसर्ग एखाद्या किरकोळ तापासारखा, किंवा तेवढाही उपद्रव न देता, निघून गेला असेल. परंतु त्याचा दाखला चाळिसाव्या वर्षीही रक्तात शाबूत असतो. (शाकाहारी माणसाला हा संसर्ग होत नाही ही समजूत येथेच दूर करावी. अर्धकच्चे मांस हा एक मार्ग. मांजराच्या विष्ठेतून माती, भाजी आणि पाणी यांच्यात पोहोचलेली परजीवीची बीजे हा दुसरा, आणि तो कोणाचाही आहार विचारीत नाही.) दृष्टिपटलावरील आजचा दाह आणि रक्तातील ते जुने प्रतिपिंड यांचा संबंध असेलच असे नाही, दोघे एकाच देहात राहतात एवढ्यावरून ते एकमेकांचे नातलग ठरत नाहीत.

आयजीएम जातीची प्रतिपिंडे संसर्गाच्या आरंभी उत्पन्न होतात, म्हणून ती सापडली तर रोग ताजा, असा सोपा नियम पुष्कळांना पाठ असतो. परंतु काही माणसांत ती वर्षभर, क्वचित त्याहूनही अधिक काळ टिकून राहतात, आणि काही संचांत ती खोटीच उमटतात. उलट बाजूने पाहिले तर प्रौढांच्या डोळ्यांतील टॉक्सोप्लाझ्माचा दाह पुष्कळदा जुन्या व्रणाच्या काठाशी पुन्हा पेटलेला असतो. तेथे आयजीएम नसणे हेच स्वाभाविक होय. म्हणून ‘आयजीएम निगेटिव्ह, सबब टॉक्सोप्लाझ्मा नाही’ हे अनुमान जितके सुटसुटीत तितकेच चुकीचे आहे. काळाचा अंदाज बांधण्याचे अधिक भरवशाचे साधन म्हणजे आयजीजीची पकड मोजणे: नवी प्रतिपिंडे आपल्या लक्ष्याला सैल धरतात आणि युरियाच्या द्रावणाने धुतली असता सुटून येतात, तर जुनी घट्ट धरतात. पकड घट्ट असेल तर गेल्या तीन-चार महिन्यांत नवा संसर्ग झालेला नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. ती सैल असेल तर मात्र संसर्ग नवाच आहे असे म्हणता येत नाही, कारण काहींची पकड दीर्घकाळ सैलच राहते.

प्रतिपिंडांचे प्रमाण जास्त म्हणजे डोळ्याचा रोग मोठा, ही समजूतही टिकत नाही. नेत्र हा देहातील एक लहानसा, रक्तप्रवाहापासून बराचसा अलग राखलेला प्रांत आहे. तेथे चाललेल्या दंग्याची वर्दी राजधानीपर्यंत पोहोचतेच असे नाही. दृष्टिपटलाचा मध्यभाग जळत असताना रक्तातील प्रमाण अत्यल्प असू शकते; म्हणूनच डोळ्याच्या टॉक्सोप्लाझ्मात रक्तरस मुळीच विरल न करता मिळालेला होकारही जाणकार ग्राह्य धरतात.

२. होकाराचे अंकगणित

आता या विवेचनाला अंकांची जोड द्यावी. समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. दृष्टिपटलाचा दाह असलेले 100 रोगी आहेत, त्यांच्यापैकी 10 जणांच्या रोगाचे कारण टॉक्सोप्लाझ्मा आहे, आणि ज्या प्रदेशातून ते आले तेथे शंभरातील 25 माणसांच्या रक्तात ही प्रतिपिंडे पूर्वीपासूनच आहेत. सर्वांचे रक्त तपासले. खरे रोगी दहाही होकार देतील. परंतु उरलेल्या 90 जणांपैकी सुमारे 22 जणही, रोगाचे कारण निराळे असूनही, होकारच देतील. एकूण होकार 32, त्यांपैकी खरे 10. म्हणजे हातातील ‘पॉझिटिव्ह’ कागद तीनपैकी दोन वेळा निरपराध्याकडे बोट दाखवितो.

हेच उदाहरण मुलूख बदलून पाहा. १९६० च्या सुमारास पॅरिसमधील गर्भवती स्त्रियांत दर शंभरांत ऐंशीहून अधिक जणींच्या रक्तात ही प्रतिपिंडे आढळत, आणि अर्धकच्चे मांस खाण्याच्या तेथील रीतीशी त्याचा संबंध जोडला गेला. ऐंशीचेच प्रमाण धरले तर नव्वदांपैकी 72 जण खोटा होकार देतील, आणि एकूण 82 होकारांत खरे दहाच उरतील. यंत्र तेच, रसायने तीच, कागदावरील ओळही तीच. रोग्याचा पत्ता बदलला आणि तिचे वजन सुमारे अडीचपटीने घटले. रक्ताचा अहवाल वाचताना रोगी कोठे वाढला हे ज्याला विचारावेसे वाटत नाही, त्याने अहवाल वाचला असे म्हणता येणार नाही.

आता तिसरा प्रसंग. नेत्रवैद्याला जुन्या, काळसर काठाच्या व्रणालगत नवा पांढरा दाह दिसतो आणि त्यावर काचद्रवाचे धुके पसरलेले आढळते. हे टॉक्सोप्लाझ्माचे इतके ओळखीचे रूप आहे की असे शंभर रोगी घेतले तर नव्वदांत निदान आधीच खरे असावे असे मानू. या शंभरांत पंचविसाच्याच प्रमाणाने खरे होकार 90 आणि खोटे दोन-तीन येतील. शंका नव्वदावरून सत्त्याण्णवावर गेली. म्हणजे रक्ताने आपल्याला जवळजवळ काहीच नवे शिकविले नाही. जेथे डोळा स्वतःच स्पष्ट बोलतो तेथे रक्ताची जबानी अनावश्यक. जेथे डोळा अगदीच मुका आहे तेथे ती दिशाभूल करणारी. तिचा खरा उपयोग मधल्या पट्ट्यात आहे, जेथे वैद्याच्या मनात दोन-तीन कारणे तुल्यबळ उभी आहेत.

३. नकाराचे सामर्थ्य

वरील पहिल्याच उदाहरणात नकार मिळालेल्या 68 जणांकडे कोणी लक्ष दिले नाही, आणि नेमकी तेथेच या तपासणीची खरी मातब्बरी आहे. प्रतिपिंडांची तपासणी चांगली असेल तर प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसात आयजीजीचा नकार टॉक्सोप्लाझ्माला यादीतून जवळजवळ खोडून टाकतो. दाह पांढरा आहे, व्रण संशयास्पद आहे, उपचाराची घाई आहे, अशा वेळी तो एक नकार वैद्याचे लक्ष क्षय, उपदंश, नागिणीच्या कुळातील विषाणू अशा निराळ्या आणि तितक्याच घातक कारणांकडे वळवितो. ही सेवा लहान नव्हे. होकार आला की पेढे वाटावेत आणि नकार आला की ‘काही सापडले नाही’ म्हणून हिरमुसावे, ही आपली रीत मात्र नेमकी उलटी आहे.

नकारालाही मर्यादा आहेत. संसर्ग इतका ताजा असेल की प्रतिपिंडे अजून निर्माणच झाली नाहीत, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विचारावे लागते. आणि ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे त्याच्या रक्ताच्या मौनावर विसंबता येत नाही.

४. एकच न्याय सर्वांना लावता येत नाही

आतापर्यंतचे विवेचन टॉक्सोप्लाझ्माचे झाले. परंतु परजीवी बदलला की नियमही बदलतो. टॉक्सोकारा हा कुत्र्याच्या, विशेषतः पिल्लांच्या, आतड्यातील गोलकृमी. त्याची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात, आणि बाहेर पडलेला एखादा डिंभ भटकत भटकत डोळ्यात जाऊन अडकतो. १९५० साली वॉशिंग्टनच्या सैनिकी विकृतिशास्त्र संस्थेत हेलेनोर कँबेल वाइल्डर या वैद्यकीय पदवी नसलेल्या परंतु विलक्षण चिकाटीच्या संशोधिकेने, मुलांच्या काढून टाकलेल्या 46 डोळ्यांचे बारीक बारीक छेद तपासले आणि त्यांपैकी 24 डोळ्यांत कृमींचे डिंभ वा त्यांचे अवशेष दाखवून दिले. त्यांतील कित्येक डोळे कर्करोगाच्या संशयाने काढण्यात आले होते. ते डिंभ टॉक्सोकाराचे होते हे १९५६ साली निकोल्स यांनी ठरविले.

येथे रक्ताची अवस्था काय होते पाहा. सर्वांगात शेकडो डिंभ फिरत असतील तर प्रतिपिंडे भरपूर निर्माण होतात. परंतु डोळ्यातील रोग पुष्कळदा एकट्यादुकट्या डिंभाचा असतो, रक्तातील प्रमाण क्षीण असते, आणि कधी कधी शून्यही. कृमिबाधेची खूण मानली जाणारी रक्तातील इओसिनोफिल पेशींची वाढही बहुधा आढळत नाही. म्हणजे टॉक्सोप्लाझ्मात ज्या नकारावर आपण भिस्त ठेवली, तोच नकार येथे कमकुवत ठरतो. होकारही निर्दोष नाही: जंतांच्या वर्गातील इतर कृमींशी, विशेषतः आपल्या देशात ठायी ठायी आढळणाऱ्या साध्या जंताशी, ही प्रतिपिंडे गफलत करू शकतात. डिंभाच्या स्रावांपासून तयार केलेले द्रव्य वापरल्याने ती गफलत बरीच कमी होते, पण ज्या मुलाच्या पोटात एकाच वेळी अनेक कृमींचा मुक्काम आहे त्याच्या बाबतीत ती संपत नाही.

आणि यापुढचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. ज्या बालकाची बाहुली पांढरी दिसते त्याच्या डोळ्यात कृमीची गाठ असू शकते, तशीच रेटिनोब्लास्टोमा ही कर्करोगाची गाठही असू शकते. गल्लीतील पिल्लांशी खेळणाऱ्या मुलाच्या रक्तात टॉक्सोकाराची प्रतिपिंडे सापडणे ही नवलाची गोष्ट नाही. तेवढ्यावरून कर्करोग नाही असे मानणे हा अक्षम्य प्रमाद होय. १९५० पूर्वी कर्करोगाच्या भयाने कृमीचे डोळे काढले गेले. रक्ताच्या कागदावर आंधळा विश्वास टाकला तर कृमीच्या भरवशावर कर्करोग वाढू दिला जाईल. दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे.

डुकराच्या मांसातील पट्टकृमीशी संबंधित सिस्टिसर्कोसिसचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे. त्याची पुटी काचद्रवात तरंगत असेल तर ती डोळ्याने दिसते, तिची हालचालही दिसते. माध्यम गढूळ असेल तर अल्ट्रासाउंडवर पुटीतील कृमीच्या शीर्षाचा ठिपका ओळखता येतो. एकुलत्या एका पुटीत रक्ताची तपासणी पुष्कळदा नकार देते. ज्या वस्तूचे दर्शन होते तिच्याकरिता दाखला मागणे हा शुद्ध दप्तरी खाक्या झाला. उलट मेंदूतील पुट्यांवर कृमिनाशक औषध सुरू करण्यापूर्वी डोळ्यात डोकावणे मात्र अत्यावश्यक, कारण डोळ्यातील पुटी औषधाने मेली की तिच्या मरणाने उठणारा दाहच दृष्टी घेऊन जातो.

संपर्कभिंगे वापरणाऱ्यांच्या पारपटलाला पोखरणाऱ्या अकँथअमीबाबद्दल तर दोन वाक्ये पुरेत: निरोगी माणसांच्या रक्तातही त्याची प्रतिपिंडे सर्रास आढळतात, म्हणून रक्त येथे पूर्ण निरुपयोगी आहे. पारपटल खरवडून तो नमुना तपासणे हाच मुख्य मार्ग.

५. डोळ्यातील पाण्याची जबानी

साक्ष घटनास्थळावरील हवी, हा विचार पुढे नेला की आपण नेत्राच्या पुढील कप्प्यातील पाण्याकडे येतो. त्या कप्प्यात सगळे मिळून पाव मिलिलिटर पाणी असते, आणि त्यातील थोड्याशा द्रवावर काम भागवावे लागते. बर्नचे हान्स गोल्डमन आणि रुडॉल्फ विट्मर यांनी १९५४ साली मांडलेली युक्ती तर्कशुद्धतेचा एक सुंदर नमुना आहे. डोळ्यातील पाण्यात प्रतिपिंड सापडले एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण दाहामुळे रक्तवाहिन्या गळू लागल्या की रक्तातील सर्वच प्रतिपिंडे पाझरून तेथे येतात. म्हणून त्यांनी दोन गुणोत्तरे घेतली: पाण्यातील आणि रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांचे एक, आणि पाण्यातील व रक्तातील एकूण प्रतिपिंडांचे दुसरे. केवळ गळतीच झाली असेल तर दोन्ही गुणोत्तरे सारखी येतील आणि भागाकार एकाच्या आसपास राहील. विशिष्ट प्रतिपिंड त्या मानाने तीन-चार पट अधिक निघाले, तर ते बाहेरून आलेले नसून डोळ्यातच निर्माण झाले आहे असा निष्कर्ष निघतो. येथे प्रथमच साक्ष डोळ्याची होते. आणि लक्षात घ्यावे की रक्ताशिवाय ती तोलताच येत नाही. ‘रक्त बिनकामाचे’ म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगले उत्तर नाही.

या भागाकारालाही वेळ लागतो. दाह सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो फसवू शकतो. त्या अवधीत, आणि प्रतिकारशक्ती खचलेल्या रोग्यांत, परजीवीचे जनुकद्रव्य शोधणारी पीसीआर तपासणी अधिक उपयोगी पडते. दोन्ही एकत्र केल्या तर एकटीपेक्षा अधिक रोगी सापडतात. डोळ्यात सुई घालणे ही गोष्ट भीतीची वाटते खरी, परंतु सराईत हातांत ती लहानशी शस्त्रक्रिया आहे. तरीही तिचा धोका शून्य नसल्यामुळे ती अवघड निदानासाठी राखून ठेवावी, हाच सुज्ञपणा.

६. नवजात अर्भक: काळ हाच तपासनीस

मातेची आयजीजी प्रतिपिंडे वारेतून गर्भात उतरतात, म्हणून नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या रक्तात ती सापडली तर ती बालकाची की मातेची, हे त्या दिवशी सांगता येत नाही. आयजीएम वार ओलांडत नाही, सबब ते सापडले तर ते बालकाचेच. पण संसर्ग झालेल्या सर्वच बालकांत ते सापडत नाही. मग उपाय एकच: वाट पाहणे आणि पुन्हा मोजणे. मातेकडून आलेली प्रतिपिंडे दर महिन्याला सुमारे निम्मी होत जातात आणि वर्षभरात नाहीशी होतात. बारा महिन्यांनंतरही ती टिकून असतील तर ती बालकाची स्वतःची होत. प्रत्येक नमुना त्याच प्रयोगशाळेत, जुन्याच्या शेजारी ठेवून तपासला पाहिजे, एवढी मात्र अट, कारण दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

याच संदर्भात आपल्याकडे गर्भवतींच्या मागे लागणाऱ्या ‘टॉर्च’ या अनेक संसर्गांच्या एकत्रित तपासणीची खबर घेतली पाहिजे. एखाद्या स्त्रीच्या रक्तात टॉक्सोप्लाझ्माची जुनी आयजीजी सापडली की घरात काळजीचे सावट पसरते, औषधे सुरू होतात, पूर्वीच्या गर्भपाताचे खापर तिच्यावर फुटते. वास्तविक गर्भधारणेपूर्वीच संसर्ग होऊन गेलेला असणे ही निरोगी स्त्रीच्या बाबतीत बहुधा दिलाशाची गोष्ट असते. भय असते ते गरोदरपणात नव्याने होणाऱ्या संसर्गाचे. म्हणजे ज्या कागदाने धीर द्यायचा, त्याच कागदाने घराची झोप उडते.

७. समूहाला विचारलेला प्रश्न

एका माणसाच्या बाबतीत दुबळी ठरणारी ही साक्ष समूहाच्या बाबतीत मोठी समर्थ होते. डोळ्याचा टॉक्सोप्लाझ्मा हा जवळजवळ नेहमी जन्मजात असतो, असे मत बराच काळ प्रचलित होते. दक्षिण ब्राझीलमधील एरेशिम परिसरातील 1042 जणांच्या पाहणीत 184 जणांच्या डोळ्यांत या रोगाच्या खुणा सापडल्या; एवढे प्रमाण केवळ जन्मजात संसर्गाने समजावता येईना, आणि त्या मताला तडा गेला. १९९५ साली कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात पाणीपुरवठ्यातून पसरलेल्या साथीत शंभर निश्चित रोग्यांपैकी 19 जणांच्या दृष्टिपटलाला दाह झाला होता. आणि आपल्याच देशात २००४ च्या अखेरीस कोइमतूर येथे नेत्रवैद्यांकडे अशा रोग्यांची अकस्मात रीघ लागली. त्यांच्या रक्तातील आयजीएमने रोग ताजा असल्याचे दाखविले आणि पाणीपुरवठ्याच्या एका जलाशयाकडे संशय वळला. एकट्या रोग्याच्या आयजीएमबद्दल वाद घालता येतो. एकाच टापूतील शेकडो माणसांत ते एकदम उगवते तेव्हा वादाला जागा उरत नाही.

आफ्रिकेतील नदीकाठचे अंधत्व आणणाऱ्या ऑन्कोसर्का कृमीच्या निर्मूलनात तर रक्ताला निराळेच काम दिलेले आहे. तेथे एकेका रोग्याचे निदान हा हेतूच नसतो. दहा वर्षांखालील मुलांत ओव्ही-16 नावाच्या द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे जवळजवळ मुळीच सापडत नाहीत असे दिसले, म्हणजे रोगप्रसार थांबला असे मानून औषधवाटप बंद करण्याचा विचार होतो. नकाराचे सामर्थ्य ते हेच, फक्त एका माणसाऐवजी एका पिढीला विचारलेले.

८. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की तपासणी स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, मग मागविण्यात वाईट काय? सुई निरुपद्रवी आहे; त्यानंतरचा कागद नाही. खोट्या होकारावर विसंबून सल्फा आणि पिरिमेथामिन यांसारखी अस्थिमज्जेवर ताण आणणारी औषधे आठवडेच्या आठवडे दिली जातात, आणि त्या अवधीत क्षयाचा वा उपदंशाचा खरा दाह दृष्टिपटल खात राहतो. क्षयाच्या निदानासाठी आपल्या देशात रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासण्या वर्षानुवर्षे बिनदिक्कत विकल्या जात होत्या. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्याविरुद्ध स्पष्ट मत दिले आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. त्या तपासण्याही ‘स्वस्त आणि निरुपद्रवी’च होत्या. टॉक्सोप्लाझ्माच्या तपासणीवर बंदी घालावी असे मी म्हणत नाही, कारण तिच्या नकाराला किंमत आहे, जी त्यांच्या नकारालाही नव्हती; परंतु आक्षेपाची जात तीच आहे.

दुसरा आक्षेप: स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वी काही तरी पुरावा हवाच ना? हा आक्षेप नव्हे, हा माझ्याच बाजूचा युक्तिवाद आहे. टॉक्सोप्लाझ्मावर परजीवीनाशक औषधाविना स्टिरॉइड दिले तर रोग भडकतो. म्हणून जेथे शंका आहे तेथे स्टिरॉइडच्या आधी रक्त जरूर तपासावे. नकार आला तर टॉक्सोप्लाझ्मापुरता हात मोकळा होतो. होकार आला तर सावधगिरी म्हणून परजीवीनाशक औषधाचे कवच देऊन पुढे जावे, पण ‘निदान झाले’ असे केसपेपरवर लिहू नये. खबरदारी घेणे आणि निष्कर्ष काढणे या दोन वेगळ्या कृती आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. तालुक्याच्या गावी दृष्टिपटलाचा तज्ज्ञ नाही, डोळ्यातील पाणी काढणारा हात नाही, पीसीआरचे नाव नाही. आहे ती फक्त रक्त घेणारी प्रयोगशाळा. तेथे हा सूक्ष्म विवेक कोणाच्या उपयोगाचा? परिस्थितीचे हे वर्णन खरे आहे आणि त्याचा इन्कार करण्यात अर्थ नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र उलटा आहे: जेथे डोळा नीट पाहणारा कोणी नाही, तेथे पूर्वशंका सर्वांत अंधुक असते, आणि पूर्वशंका अंधुक असताना मिळालेला होकार सर्वांत जास्त फसवितो, हे आपण अंकांनीच पाहिले. म्हणजे जेथे या कागदावर सर्वांत अधिक भिस्त ठेवली जाते तेथेच तो भिस्तीला सर्वांत कमी पात्र असतो. तालुक्याला आधी हवे ते बाहुली विस्फारून आत पाहणारे उपकरण, ते वापरणारा मनुष्य, आणि दृष्टिपटलाचे छायाचित्र जिल्ह्याच्या वा शहराच्या रुग्णालयाकडे पाठविण्याची सोय. रक्ताची नळी त्यानंतर.

९. मागणीपत्राचा मजकूर

एक व्यवहार्य सूचना करणे भाग आहे. आज नेत्रवैद्याकडून प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या मागणीपत्रावर बहुधा तपासणीचे नाव आणि रोग्याचे वय एवढाच मजकूर असतो, आणि परत येणाऱ्या अहवालावर एक आकडा आणि एक ‘पॉझिटिव्ह’. दोन्ही कागद मुके आहेत. मागणीपत्रावर जुना व्रण आहे की नाही, हा पहिला झटका की पुन्हा उलटलेला, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत काय, वैद्याच्या मनातील पहिली दोन निदाने कोणती आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे लिहिणे सक्तीचे असावे. हा मजकूर लिहिताना पुष्कळ वैद्यांच्या लक्षात येईल की त्यांना प्रश्नच नव्हता. आणि अहवालावर आकड्याच्या खाली आणखी एक ओळ छापावी: या जिल्ह्यातील निरोगी माणसांपैकी शंभरांत कितीजणांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आढळतात. ती ओळ छापण्यासाठी जिल्हावार पाहणी लागेल हे खरे. परंतु त्याकरिता दारोदार हिंडावे लागणार नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतील रक्तपेढ्यांत दात्यांचा रक्तरस कावीळ, एड्स आणि उपदंश यांच्यासाठी रोजच तपासला जातो. दात्यांची संमती घेऊन, नावे वगळून, त्यातील काही नमुन्यांवर आणखी एक तपासणी करणे एवढेच काम उरते.